इंटरनेट दोन्हीकडे चालतं, पण लॅनवर गेम दिसत नाही : दर थोड्या दिवसांनी परतणारा घोळ

दोन संगणक एकाच घरात, एकाच कनेक्शनवर. दोन्हीवर व्हिडिओ चालतो, डाउनलोड चालतं, ऑनलाइन गेमही चालतो. पण एकावर लॅन सर्व्हर (घरातल्या घरातच जोडून खेळायचा गेम) उघडला की दुसऱ्याच्या यादीत तो येतच नाही. राउटर बंद करून चालू केला की एखाद्या वेळी जमतं, दोन-चार दिवस बरं जातं आणि पुन्हा तेच. मग कोणी फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा विंडोजचा पहारा) बंद करतो, कोणी केबल बदलतो, कोणी गेम काढून पुन्हा टाकतो आणि यातलं जे शेवटी केलं त्यालाच उपाय समजतो.

कधी चालणं, कधी न चालणं हाच इथे सर्वांत मोठा धागा आहे. राउटर चालू केल्यावर कोणत्या यंत्राला कोणता पत्ता (नेटवर्कातला त्याचा क्रमांक) मिळाला, कोणाकडून मिळाला आणि विंडोजने त्या नेटवर्कला काय समजलं, यावर सगळं ठरतं. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करावी : घरात पत्ते वाटणारं यंत्र एकच हवं आणि गेम खेळणारं प्रत्येक यंत्र त्याच्याच हाताखाली हवं. ते झाल्याशिवाय फायरवॉल, पोर्ट, केबल यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

इंटरनेट चालतं म्हणजे नेटवर्क ठीक आहे, हा समज इथे सगळ्यांत जास्त नडतो. इंटरनेटला फक्त गेटवेपर्यंतची (बाहेर नेणाऱ्या राउटरपर्यंतची) वाट लागते, आणि मध्ये दोन राउटर आले तरी ती मिळते. लॅनवरचा गेम शोधण्याची रीत वेगळी. जॉइन करणारा संगणक “कोणी सर्व्हर चालवतंय का?” अशी हाक सगळ्यांना एकदम घालतो, किंवा होस्ट (सर्व्हर उघडणारा संगणक) स्वतःच ठरावीक वेळाने “मी इथे आहे” असं ओरडत राहतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती २२४.०.२.६० या मल्टिकास्ट पत्त्यावर (एकदम अनेकांना हाक पोचवणारा पत्ता) ४४४५ पोर्टला (पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) असंच करते. घरगुती राउटर अशी हाक एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना घातलेली हाक, अडवणं हे त्याचं कामच आहे.

आधी दोन्ही संगणकांवर चार आकडे बघा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून सीएमडी उघडा आणि आयपीकॉन्फिग /ऑल ही आज्ञा द्या. (इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.) यादी लांबलचक येईल. त्यातलं चालू असलेलं इथरनेट किंवा वाय-फाय एवढंच बघा आणि दोन्हीकडचे चार आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा : आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा), डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारं यंत्र).

घरगुती नेटवर्कात मास्क बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो. म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत आणि चौथा वेगळा. एक संगणक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.१० असेल, तर ती दोन वेगळी नेटवर्कं आहेत. पहिले तीन आकडे सारखे, पण डीएचसीपी सर्व्हर वेगळा दिसत असेल, तर घरात पत्ते वाटणारे दोघं आहेत. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. अशा वेळी केबल, स्विच किंवा डीएचसीपी बंद पडलंय का, ते बघायचं. १९२.१६८.१३७ दिसलं तर तो संगणक राउटरकडून नव्हे, दुसऱ्या विंडोज संगणकाच्या इंटरनेट शेअरिंगमधून किंवा हॉटस्पॉटमधून पत्ता घेतोय.

एक फसवी जागा अशी : चारही ओळी हव्या तशा जुळतात, तरी संगणक एकमेकांना दिसत नाहीत. मोडेम आणि राउटर दोघांचाही मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असला की असं होऊ शकतं. तेव्हा दोन्ही संगणकांवर एआरपी -ए ही आज्ञा द्या आणि गेटवेच्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ताडून बघा. बारा अक्षरांचा तो क्रमांक वेगळा निघाला, तर दोघांचे गेटवे नावाने एकच असले तरी डबे दोन आहेत.

दोन राउटरची भानगड

बहुतेक घरांत ही नकळत होते. इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा मोडेम हा स्वतःच पूर्ण राउटर असतो. त्यात वाय-फाय असतं आणि तो पत्तेही वाटतो. त्याचं वाय-फाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून वेगळा राउटर आणला जातो आणि मोडेममधून निघालेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत घ्यायच्या खाचेत) बसते. इंटरनेट लगेच सुरू होतं, त्यामुळे पुढे कोणी बघत नाही. पण आता मोडेमच्या पोर्टात लावलेला डेस्कटॉप एका नेटवर्कात आहे आणि नव्या राउटरच्या वाय-फायवरचा लॅपटॉप दुसऱ्यात.

याची एक चांगली खूण आहे. आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्या मोडेमवरच्या संगणकाला पिंग (उत्तर येतं का बघणारी छोटी हाक) करू शकतो, पण उलट पिंग जात नाही. गेममध्येही तसंच : मोडेमवरच्या संगणकाने होस्ट केलं आणि दुसऱ्याने त्याचा पत्ता हाताने टाकला तर जॉइन होता येतं. आतल्याने होस्ट केलं की नाही. “तू होस्ट केलंस की चालतं, मी केलं की नाही” अशी तक्रार असेल, तर आधी इथेच बघावं.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. कोणीतरी सांगितलेलं असतं की केबल वॅनमध्ये नको, लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) घाल. ते बरोबरच आहे, पण राउटरचं डीएचसीपी बंद करायचं राहून जातं. एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं तेच इथे होतं. संगणक चालू होताना पत्ता मागतो आणि साधारणपणे ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा घेतो. आज मोडेमने आधी उत्तर दिलं तर सगळं ठीक. उद्या राउटरने दिलं, तर गेटवे म्हणून राउटरचा पत्ता मिळतो, राउटरच्या वॅनला काही जोडलेलंच नसतं आणि इंटरनेट गायब. एकाच घरात एका संगणकावर इंटरनेट आहे, दुसऱ्यावर नाही आणि रीस्टार्ट केल्यावर बरोबर उलटं झालंय, हे दिसलं की समजावं.

उपाय : दुसऱ्या राउटरला फक्त अॅक्सेस पॉइंट (पत्ते न वाटता नुसतं वाय-फाय पसरवणारं यंत्र) करायचं. त्याच्या मेनूमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि राउटर रीस्टार्ट होऊ द्या. नसेल तर हाताने करता येतं, पण क्रम चुकवू नका.

१. राउटर मोडेमपासून सोडवा. एक संगणक केबलने थेट त्याच्या लॅन पोर्टात लावा आणि ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा.

२. आधी राउटरचा लॅन पत्ता बदला. मोडेम १९२.१६८.१.१ वर असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्या. हा पत्ता मोडेम ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेर हवा.

३. संगणकाची केबल काढून पुन्हा घाला, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा.

४. मोडेमच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल राउटरच्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामं ठेवा.

५. सगळी यंत्रं एकदा रीस्टार्ट करा. नाहीतर जुना पत्ता मुदत संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहतो.

डीएचसीपी आधी बंद केलं आणि मग पत्ता बदलायला गेलं, की लोक अडकतात, कारण संगणकाला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि राउटरचं पान उघडत नाही. घाबरून रीसेट करायची गरज नाही. संगणकाला तात्पुरता हाताने पत्ता द्या. राउटर १९२.१६८.१.२ वर असेल तर संगणकाला १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. पान उघडेल.

उलटाही मार्ग आहे : मोडेम ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करणारा नुसता पूल म्हणून) टाकायचा आणि सगळी सूत्रं स्वतःच्या राउटरकडे द्यायची. राउटर चांगला असेल, त्यात पुढे सांगितलेली रांग आवरण्याची सोय असेल, तर गेमसाठी हा मार्ग सरस. पण त्याआधी पीपीपीओई लॉगिनचं (कंपनीच्या जोडणीत शिरायचं) नाव, पासवर्ड आणि लागत असेल तर जोडणीचा व्हीलॅन क्रमांक कंपनीकडून लिहून घ्या. मोडेमला घरचा फोन जोडलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो चालेल का, हेही आधीच विचारा.

वाय-फायवर असताना गेस्ट नेटवर्क टाळा. गेस्टवरच्या यंत्राला इंटरनेट मिळतं, घरातली बाकी यंत्रं दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. मुख्य वाय-फायमध्येही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची, यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी टिक असते, ती काढलेली हवी.

पत्ता बांधून टाका

आता सगळे एका नेटवर्कात आले. तरी “परवा चालत होतं, आज त्याच पत्त्यावर जॉइन होत नाही” हे उरतं. पत्ता काही काळासाठीच दिलेला असतो. संगणक चालू असेल तर निम्मी मुदत झाल्यावर तो तोच पत्ता वाढवून मागतो. आठवडाभर बंद राहिला तर मात्र दुसरा मिळू शकतो.

होस्ट करणाऱ्या संगणकाचा पत्ता राउटरमध्येच आरक्षित करा. अॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज अशा नावाचं पान असतं, तिथे मॅक पत्ता आणि हवा तो आयपी पत्ता टाकायचा. एक साधी मांडणी (पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा) : राउटर १, अॅक्सेस पॉइंट २, गेमचे संगणक ११ आणि १२, कन्सोल २०, बाकीच्यांना वाटायला १०० ते १९९. काही राउटर वाटपाच्या पट्ट्यातलाच पत्ता आरक्षित करू देतात. तिथे पट्टा १० पासून सुरू करा. संगणकावर हाताने पत्ता ठोकून देण्यापेक्षा हे बरं. हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्यात असला, तर राउटर एखाद्या दिवशी तोच पत्ता एखाद्या फोनला देतो आणि दोघांचंही नेट अडखळायला लागतं.

आरक्षण टिकत नसेल तर विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर अॅड्रेस चालू आहे का, ते बघा. मॅक बदलत राहिला की राउटरला तो रोज नवा पाहुणा वाटतो. बरेचसे वाय-फाय रिपीटरही आपल्या मागच्या सगळ्या यंत्रांना एकाच मॅकखाली दाखवतात, तिथेही आरक्षण फसतं.

फायरवॉल

पत्ते जुळले, मॅक जुळला, तरी सर्व्हर दिसत नसेल तरच इथे यायचं.

विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट समजतं. पब्लिक असेल तर बाहेरून आलेली बहुतेक हाक अडवली जाते. सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट, मग इथरनेट किंवा वाय-फायचे गुणधर्म, तिथे प्रायव्हेट निवडा. दोन्ही संगणकांवर. ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा का करावी लागते? राउटर बदलला किंवा गेटवेचा मॅक बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं आणि नव्याला ते पब्लिकच धरतं. म्हणजे वर सांगितलेले बदल केल्यावर हे एकदा तपासावंच लागेल.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तीच जास्त वेळ खाते. गेम पहिल्यांदा सुरू होताना विंडोज परवानगी विचारतं. घाईत ती खिडकी रद्द केली की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारा नियम बनवून ठेवतं. नंतर तुम्ही परवानगी देणारा नियम कितीही वेळा जोडा, अडवणारा नियम त्याच्यावर मात करतो. विंडोज डिफेंडर फायरवॉलचं अॅडव्हान्स्ड पान उघडा, इनबाउंड रूल्समध्ये जा, गेमच्या नावाच्या लाल खुणेच्या सगळ्या ओळी पुसून टाका, गेम पुन्हा सुरू करा आणि या वेळी प्रायव्हेटसमोर टिक करून परवानगी द्या.

जावावर चालणाऱ्या गेममध्ये परवानगी गेमच्या नावाने नसते, जावाच्या प्रोग्रॅमच्या नावाने असते आणि ती ठरावीक फोल्डरमधल्या फाइलशी बांधलेली असते. गेमने आपल्याबरोबरची जावा बदलली, फोल्डर बदललं, की जुना नियम निकामी होतो. “अपडेट आलं आणि लॅन बंद पडलं” याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

पिंगला उत्तर आलं नाही म्हणून संगणक जोडलेला नाही असं धरू नका. पिंगला उत्तर द्यायचा विंडोजचा नियम वेगळा आहे. तो बंद असला तरी गेम चालू शकतो. नेमकी तपासणी होस्टवर करा : सर्व्हर चालू ठेवून नेटस्टॅट -एएनओ द्या आणि गेमचं पोर्ट शोधा. त्याच्या आधी ०.०.०.० किंवा होस्टचा लॅनवरचा पत्ता असेल तर सर्व्हर बाहेरच्यांसाठी उघडा आहे. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतोय. मग चूक गेमच्या सर्व्हर सेटिंगमध्ये आहे, फायरवॉलमध्ये नाही. दुसऱ्या संगणकावरून पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने पोर्ट तपासता येतं, पण ती फक्त टीसीपी (माहिती पाठवण्याची एक रीत) तपासते. पुष्कळ गेम यूडीपी या दुसऱ्या रीतीवर चालतात. त्यांच्याबाबत तिच्या नकारावर विसंबू नका.

तपासायला म्हणून फायरवॉल दोन मिनिटं बंद केली तर चालेल. बंद ठेवून खेळत बसणं हा उपाय नव्हे.

हाक भलत्याच दाराने जाते

पत्त्याने जॉइन होता येतं, पण यादीत सर्व्हर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर आभासी अडॅप्टर (सॉफ्टवेअरने बनवलेलं नेटवर्क कार्ड) बघा. संगणकावर व्हीपीएन, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही किंवा इंटरनेटवरून लॅन भासवणारा एखादा प्रोग्रॅम टाकलेला असला, की प्रत्येकाचा एक अडॅप्टर बसतो. आयपीकॉन्फिगमध्ये १९२.१६८.५६ किंवा २५. आणि २६. ने सुरू होणारे पत्ते दिसतात ते यांचेच. सगळ्यांना घालायची हाक विंडोज ज्याचा मेट्रिक (पसंतीचा क्रमांक) सर्वांत कमी त्या अडॅप्टरवरून पाठवतं, आणि तो आभासी निघाला की हाक घरच्या केबलवर येतच नाही.

एनसीपीए.सीपीएल चालवून अडॅप्टरची यादी उघडा. नको असलेले आभासी अडॅप्टर डिसेबल करा. हवेच असतील, तर खऱ्या इथरनेटच्या आयपीव्ही४ गुणधर्मांत अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढा आणि ५ लिहा. आभासी अडॅप्टरला ५० द्या. लॅपटॉपवर केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू असतील तर खेळताना वाय-फाय बंद करणं सोपं.

केबल

लॅनवर दिसणं-न दिसणं याच्याशी केबलचा संबंध क्वचितच असतो. वेगाशी आणि मध्येच तुटण्याशी मात्र असतो. अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये वेग बघा. राउटर आणि संगणक दोन्ही गिगाबिटचे असताना १०० एमबीपीएस दिसत असेल, तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी नीट बसलेली नाही. १०० चा वेग फक्त १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारांवर चालतो, १००० ला आठही लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ मधली एक तुटली तरी सगळं चालू दिसतं, फक्त हळू.

स्वतः क्रिंप करत (केबलला कनेक्टर दाबून बसवत) असाल तर क्रम असा, क्लिप खाली आणि पिना वर धरून डावीकडून : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन बाजूंना फाकलेली दिसते ती चूक नाही, तसंच हवं. जोड्या सरळ एकामागोमाग लावल्या, तर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतील, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्यामुळे तारा एकमेकींत आवाज घालतात आणि कनेक्शन लांब केबलवर तुटत राहतं. पीळ कनेक्टरजवळ सव्वा सेंटिमीटरहून जास्त उकलू नका. घरासाठी कॅट ५ई पुरते, तिच्यावर १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतो. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल मात्र घेऊ नका, टोकाशी वाकवली की तिच्या तारा लवकर तुटतात.

स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत असतील आणि घरातलं सगळंच ठप्प झालं असेल, तर एखाद्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलीत का, ते बघा. साफसफाई करताना मोकळं लोंबणारं टोक रिकाम्या पोर्टात घातलं जातं. एक टोक काढलं की लगेच सुटतं.

राउटर नसताना दोनच संगणक खेळायचे असतील तर एक सरळ केबल बास. गिगाबिट पोर्टांना वेगळी क्रॉस केबल लागत नाही. एकाला १०.१०.१०.१, दुसऱ्याला १०.१०.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा कोरी सोडा. तिथे काही भरलं तर वाय-फायवरून येणारं इंटरनेट त्या केबलकडे वळतं आणि बंद पडतं.

एका संगणकातून दुसऱ्याला इंटरनेट देताना

डाँगल किंवा फोनचं इंटरनेट एका संगणकात घेऊन केबलने दुसऱ्याला द्यायचं असेल तर विंडोजचं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग पुरतं. ज्या अडॅप्टरवर इंटरनेट येतं त्याच्या शेअरिंग टॅबमध्ये टिक करायची आणि खाली घरच्या केबलचा अडॅप्टर निवडायचा. टिक उलट्या अडॅप्टरवर लागली तर काहीच चालत नाही. देणाऱ्याला आपोआप १९२.१६८.१३७.१ मिळतो. घेणाऱ्याचा पत्ता ऑटोमॅटिकवर ठेवा.

याची कायमची तक्रार : रीस्टार्ट केलं की शेअरिंग बंद पडतं, टिक काढून पुन्हा केली की चालतं. विंडोज १० मध्ये याला दोन ठिकाणी हात लावावा लागतो. सर्व्हिसेसमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ऑटोमॅटिक करा. मग रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअॅक्सेस या क्रमाने जाऊन ‘एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन’ नावाचं डीवर्ड (आकडा साठवणारी नोंद) बनवा (चारही शब्द सलग, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं) आणि किंमत १ द्या. देणारा संगणक स्लीपमध्ये गेला की घेणाऱ्याचं इंटरनेट जातं, म्हणून पॉवरमध्ये स्लीप बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा.

सर्व्हर दिसतो, पण लॅग येतो

दोन खिडक्यांत दोन पिंग सोडा. एकात पिंग -टी आणि गेटवेचा पत्ता, दुसऱ्यात पिंग -टी ८.८.८.८. मग घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि दोन्ही आकडे बघत राहा. केबलवर गेटवेचा आकडा १ मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर हवा. तो स्थिर आहे आणि बाहेरचा २० वरून ३०० वर गेला, तर अपलोडची रांग तुंबलीय. गेमचे छोटे पॅकेट फाइलच्या ढिगामागे उभे आहेत. मोठं कनेक्शन घेऊन हे पूर्ण जात नाही. राउटरमध्ये एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल नावाची रांग आवरणारी सोय असेल तर चालू करा आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते. त्या बदल्यात हे नक्की परवडतं.

गेटवेचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. त्यातही ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनल सोडावा लागतो आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. संध्याकाळी अधूनमधून मिनिटभर सगळं वाय-फाय गायब होत असेल, तर ३६ ते ४८ मधला चॅनल हाताने ठरवून द्या.

घराबाहेरच्या मित्राला जॉइन व्हायचं असेल तर

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता बघा आणि ब्राउझरमधून “माझा आयपी” शोधून आलेल्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही एकच असले तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक ठरावीक संगणकाकडे वळवणं) चालेल : माइनक्राफ्ट जावाला टीसीपी २५५६५, बेडरॉकला यूडीपी १९१३२, सोर्स इंजिनवरच्या गेमना यूडीपी २७०१५, आरक्षित केलेल्या पत्त्याकडे. वॅन पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर पुढे अजून एक राउटर आहे, बहुधा तुमचाच मोडेम. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. मग तुमच्या राउटरमध्ये काहीही उघडलं तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर ज्याच्याकडे तो आहे त्या मित्राला होस्ट करू द्या. संगणक सरळ डीएमझेडमध्ये टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. सगळी पोर्टं जगाला उघडी होतात.

पोर्ट उघडल्यावर घरातूनच आपला सार्वजनिक पत्ता टाकून तपासलं आणि जमलं नाही, म्हणून लोक सगळं पुन्हा खोलतात. बऱ्याच घरगुती राउटरना आतून निघालेली जोडणी स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावरून परत आत वळवता येत नाही. बाहेरच्यांना सर्व्हर व्यवस्थित दिसत असतो. फोनचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून तपासा. घरातल्यांनी मात्र १९२.१६८ चाच पत्ता टाकून जॉइन व्हायचं.